सात दिवस हात लावायचा नाही

तुमच्या गाडीवर नवा ओरखडा दिसला, तर तुमची पहिली शिवी कुणाला जाते?

वॉचमनला. नाही तर खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना, शेजारी गाडी लावणाऱ्याला, स्विगीवाल्याला, गाडी धुणाऱ्या बाईला. या यादीत एक नाव नेहमी राहून जातं, आणि ते आपलं असतं. हे मला ज्या माणसाने शिकवलं, त्याने आयुष्यात एकही भाषण केलं नव्हतं. डोळ्यांवर पोहण्याचा गॉगल, डोक्यावर बायकोची आंघोळीची प्लास्टिकची टोपी, तोंडाला मास्क आणि हातात स्प्रेचा डबा अशा वेषात तो आमच्या पार्किंगमध्ये उभा असायचा. नवीन भाडेकरूंना आधी वाटायचं की झुरळांचं औषध मारायला कुणी आलंय.

आमची सोसायटी सीवूड्सला, करावे गावाच्या कडेला. चार मजले, लिफ्ट नाही, खाली खांबांवरचं पार्किंग. त्या पार्किंगच्या खाडीकडच्या कोपऱ्यात या माणसाचं, म्हणजे आमच्या काकांचं, दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आम्ही. ते कुणाकडून काही घेत नसत. सोसायटीतल्या स्कूटर, मोटरसायकली आणि गाड्यांचे ओरखडे ते घरच्या घरी स्प्रेने भरून द्यायचे. मागून सगळे त्यांना ‘फुस्सकाका’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं. एकदा जिन्यात कुणीतरी तसं म्हणालं, तेव्हा ते वळून म्हणाले, “फुस्स आवाज आला तर नोझल तुंबलंय. चांगला स्प्रे सळसळतो.”

आधी ते न्हावा शेवा बंदरात नोकरीला होते. जहाजातून उतरलेल्या कंटेनरभोवती खडू आणि टॉर्च घेऊन फिरायचं, पोचे, गंज, चरे शोधायचे आणि फॉर्मवर नोंद करायची: नुकसान कुठे, किती, जुनं की नवं. एवढंच काम, पण सगळी नोकरी त्यांनी ते केलं. परिणाम असा झाला की त्यांना माणसं लक्षात राहत नसत, आकडे राहत. आम्हा सगळ्यांना ते गाडीच्या नंबरने हाक मारायचे. “काय ब्याऐंशी-चौदा, मुलीचं लग्न ठरलं म्हणे?” “शून्य-सात-तीस, तुमचा खोकला कसा आहे?” आणि सगळ्यांना अहो-जाहो, दहावीतल्या मुलांनासुद्धा.

मी ‘एकोणीस-सतरा’ होते. माझ्या स्कूटरला आरटीओतून तो आकडा मिळाला, तेव्हा रशियन क्रांतीचं साल घरात आलं म्हणून बाबांनी मजल्यावर पेढे वाटले होते. बाबा साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी कामगार आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. मी मुळाक्षरं पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. ‘अ’ अननसाचा हे शाळेत कळलं. त्याआधी तो अन्यायाचा होता.

काका सोसायटीत फक्त एकाच व्यक्तीला नावाने हाक मारायचे. ती म्हणजे लीलाबाई. त्या करावे गावातून रोज सकाळी सहाला यायच्या आणि आमच्या ओळीतल्या तीन सोसायट्यांमधल्या गाड्या धुवायच्या. बाकीचे त्यांना ‘गाडीवाली’ म्हणत. मी ‘मावशी’ म्हणायचे आणि आपण फार चांगलं वागतो असं मला वाटायचं. काका ‘लीलाबाई’ म्हणायचे. मी एकदा विचारलं, “त्यांना नंबर का नाही?” तर म्हणाले, “त्यांच्याकडे गाडी नाही. मग नाव तरी लक्षात ठेवायला हवं ना.”

*

रंग मारायचा की नाही, हे काकांच्या घरी पापड ठरवायचा.

सकाळी उडदाचा एक पापड भाजून ते खिडकीच्या कठड्यावर ठेवत आणि अर्ध्या तासाने मोडून बघत. कुरकुरीत मोडला तर रंग. वाकला तर रंग बंद, कारण हवेत दमटपणा असेल तर ओल्या रंगावर पांढुरकी झाक धरते आणि सगळं काम वाया जातं. आमच्याकडे खाडीची हवा, त्यामुळे वर्षातले कितीतरी दिवस पापड वाकायचा. काकू वैतागून म्हणायच्या, “लोक हवामान मोबाइलवर बघतात, आमच्याकडे पापडावर. आणि वाकलेला पापड कुणी खायचा? मी!”

काकूंची आणखी एक तक्रार कपाटाची होती. त्यांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून काकांनी पांढऱ्या रंगाचे चौकोन मारून ठेवले होते. एकेक चौकोनाखाली पेन्सिलने गाडीचं मॉडेल. कारण ‘पांढरा’ असा रंग नसतोच, असं त्यांचं म्हणणं. एक निळ्याकडे झुकतो, एक दुधाळ असतो, एकात मोत्याची चमक असते. लोक दुकानात जाऊन “पांढरा डबा द्या” म्हणतात आणि मग दारावर कोडाचा डाग पडल्यासारखा चट्टा घेऊन फिरतात. “साड्यांच्या घडीवर मोत्याची चमक आलीये माझ्या,” काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, “आलीये ना? मग बरोबर सुकली नव्हती.”

डबा आधी बादलीतल्या कोमट पाण्यात बसवायचा. मग तो हलवत सोसायटीला एक पूर्ण फेरी मारायची. डब्यात एक गोळी असते, ती टकटक वाजते. रविवारी सकाळी ती टकटक ऐकू आली की आमच्या घरी दुसऱ्या चहाचं आधण ठेवायचे. फेरी झाली की स्प्रे सुरू करायचा तो पत्र्यावर नाही, बाजूच्या हवेत. पहिला फवारा थुंकल्यासारखा येतो, तो वाया घालवायचा आणि मग हात सरकवत पत्र्यावर आणायचा. थर इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. थांबायचं. पुन्हा एक. घाई केली की रंग ओघळतो, आणि ओघळलेला रंग घासून काढायला दुप्पट वेळ जातो. “थर पातळ, धीर जाड,” असं ते म्हणायचे आणि स्वतःच मान डोलवायचे.

ज्या भागावर रंग नको तो कागदाने झाकावा लागतो. बहुतेक लोक वर्तमानपत्र वापरतात. काका माझी उरलेली पत्रकं वापरायचे. “वर्तमानपत्राची शाई उतरते, एकोणीस-सतरा. तुमचा कागद चांगला जाड आहे.” मी आधी चिडले. नंतर एक दिवस बघितलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या साहेबांची मोटरसायकल टाकीपासून मडगार्डपर्यंत ‘कंत्राटी कामगारांनो, जागे व्हा!’ अशी लपेटून दिवसभर गेटसमोर उभी होती. माझं इतकं वाचलं गेलेलं ते एकमेव पत्रक.

पण काकांची खरी अट वेगळीच होती. गाडी त्यांच्या कोपऱ्यात आणली की ते डबा खाली ठेवून विचारायचे, “कसा पडला?” आणि खरं उत्तर मिळेपर्यंत ओरखड्याला हात लावायचे नाहीत.

तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी एकदा सांगितलं, “मॉलच्या पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेला हो. लोकांना काय, शिस्तच नाही.”

काका गुडघ्यावर बसले, टॉर्च मारला आणि म्हणाले, “मॉलमधल्या त्या माणसाने आपल्या गेटचा निळा रंग बरोबर आणला होता का?”

गृहस्थ हसले नाहीत. त्यांची बायको मात्र मागून म्हणाली, “मी सांगितलंच होतं, रिव्हर्स घेताना फोन ठेवा!”

“आता भरतो,” काका म्हणाले.

मी त्यांना विचारलं होतं, की ओरखडा कसा पडला यावर रंगाचं काय अडतं? ते म्हणाले, “रंगाचं काही अडत नाही. माझं अडतं. खोटं सांगितलं की माझा हात ओघळतो.”

*

आता माझ्या स्कूटरविषयी.

कळंबोलीच्या ट्रकतळावर ड्रायव्हर लोकांना पत्रकं वाटायला मी गेले होते. त्यांना विश्रांतीसाठी सावलीची जागा आणि स्वच्छ संडास मिळावा अशी मागणी होती. बोलण्याच्या भरात स्टँड नीट लावायचं राहिलं आणि स्कूटर आडवी झाली. पुढच्या पत्र्याच्या डाव्या कडेला हातभर खरवड. मी काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते खूश झाले. “तुमच्याकडून हीच अपेक्षा होती.”

माझ्या स्कूटरचा लाल रंग डब्यात मिळेना. मग त्यांनी खाली केशरी लाल आणि वर गडद मरून असे दोन थर मारून तो जमवला. बाबा खाली बघायला आले होते. म्हणाले, “आत एक लाल, बाहेर दुसरा लाल. आमच्या युनियनसारखंच आहे हे.” वर चमकीचा पारदर्शक थर बसला आणि कड अशी झळकली की मला ती कुठे खरवडली होती तेही सापडेना.

“आता सात दिवस हात लावायचा नाही,” काका म्हणाले. “धुवायची नाही, झाकायची नाही, चालवायची नाही.”

“पण काका, वाळलाय की. हाताला लागत नाही.”

“हाताला लागत नाही म्हणजे वाळला असं नाही. वरून वाळतो. आत ओला असतो. सात दिवस.”

तिसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. न्हावा शेवाच्या गेटवर कामगारांची बैठक होती आणि पत्रकं माझ्याकडे होती. तुम्हीच सांगा, आंदोलन रंग वाळायची वाट बघतं का? हेच मी स्वतःला सांगितलं. जाताना काही झालं नाही. येताना, दुपारी, पार्किंगमध्ये खांब आणि सेक्रेटरींची पांढरी गाडी यांच्यामधून स्कूटर आत घेताना तोल गेला. आवाज आला. लांब, बारीक, दात शिवशिवणारा आवाज.

त्यांच्या मागच्या दारावर दोन वितींचा चरा पडला होता आणि त्यावर लाल पट्टा उमटला होता. मी ओढणीने पुसलं. लाल बऱ्यापैकी गेलं. चरा राहिला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ठरवलं, संध्याकाळी सेक्रेटरी आले की सांगू. संध्याकाळी पाहुणे होते त्यांच्याकडे. मग ठरवलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीसबोर्डावर कागद होता. ‘गाड्या धुणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे सभासदाच्या वाहनाचे नुकसान झाले आहे. सदर बाईस सोमवारपासून प्रवेश बंद करण्याबाबत रविवारी सकाळी अकरा वाजता सभा.’

लीलाबाई बादली घेऊन बोर्डासमोर उभ्या होत्या आणि वॉचमनकडून वाचून घेत होत्या. सेक्रेटरी खालीच होते.

“घासणी मारलीस ना दारावर? खरं सांग.”

“घासनी नाय वापरत साहेब मी. यो बघा माजा फडका. बारा वरसं या दारावर पानी मारते, कंदी रेघ उठली?”

“मग कोणी केलं? बाकी सगळे इथे मेंबर आहेत.”

हे वाक्य नीट ऐका. बाकी सगळे मेंबर आहेत. म्हणजे चूक करायची मुभा मेंबरांना नाही, ती कामाला येणाऱ्यांसाठी राखीव आहे. माझं डोकं सणकलं. मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं असेल?

मी पत्रक लिहिलं.

*

सांगायला लाज वाटते, पण ते माझं सर्वांत चांगलं पत्रक होतं. मथळा होता, ‘पुराव्याशिवाय शिक्षा?’ घाम कुणाचा आणि चमक कुणाची, असा सवाल होता. आमच्या सोसायटीने काढलं की शेजारच्या दोन सोसायट्याही काढतील, मग एका बाईचं सगळं कामच एका नोटिशीने जाईल, हेही लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. लीलाबाईंना तेवढीच भीती होती. त्या रोज मला तेच म्हणत होत्या. “तिकडचे पन इचारायला लागलेत गो, काय झाला म्हनून.” मी रोज त्यांना धीर देत होते. “मावशी, मी आहे ना. मी सोडणार नाही त्यांना.”

प्रत्येक दाराखालून मी पत्रक सरकवलं. कामगाराच्या बाजूने उभं राहण्याचं समाधान मला मिळत होतं आणि कामगारावर ती वेळ आणणारीही मीच होते. असं दोन्हीकडून जेवण फार कमी लोकांना मिळतं.

काकांना मी पत्रक हातात दिलं. त्यांनी गॉगल कपाळावर चढवला आणि उभ्यानेच दोनदा वाचलं.

“पहिला फवारा हवेत मारायचा राहिला. थेट पत्र्यावर आलात. ‘भांडवली मनोवृत्तीच्या’ इथे ओघळ आलाय.”

“आणि बाकी?”

“बाकी उत्तम. एक ओळ कमी आहे.”

“कोणती?”

“ती तुमच्याकडे आहे, एकोणीस-सतरा.”

ते खाली बसले आणि डबे एका रेषेत लावायला लागले.

“सेक्रेटरींनी मला काल चरा भरायला बोलावलं होतं. मी विचारलं, कसा पडला? म्हणाले, बाईने पाडला. मी टॉर्च मारला. चऱ्याच्या तळाशी केशरी होतं, कडेला मरून. असा लाल कुठल्या कंपनीत निघत नाही. तो मी केलाय.” मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिसऱ्या दिवशी काढलीत?”

“तिसऱ्या.”

“वाटलंच. सातव्या दिवशी एवढा उतरला नसता.”

मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. “तुम्हाला माहीत होतं, तर सांगितलं का नाही त्यांना?”

“सेक्रेटरींना एवढं सांगितलं, की हा चरा फडक्याचा नाही आणि घासणीचा नाही. ते म्हणाले, सभेत बघू. कुणी केला ते लिहायचं काम माझं नव्हतं कधी. मी नुकसान लिहायचो. ज्याने केलं, त्याची सही खालच्या रकान्यात.” ते उठले. गुडघे वाजले. “पण रविवारी त्या खालच्या रकान्यात लीलाबाईंचा अंगठा घेणार असतील, तर मी बोलेन. तोवर तुमचा रकाना मोकळा आहे. तुम्हाला वाळायला वेळ हवा असेल, पण त्यांचं काम तेवढं थांबणार नाही.”

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. बाबा कांदा चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, “मालकाविरुद्ध बोलायला मी तुला शिकवलं. आपल्याविरुद्ध बोलायचं शिकवायचं राहून गेलं.”

*

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मेंबर बसले. लीलाबाईंना फक्त निकाल ऐकायला बोलावलं होतं. त्या बादली घेऊन खांबाला टेकून उभ्या होत्या आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मला दिसलं होतं का? नाही. मी माझं भाषण पाठ करत होते.

सेक्रेटरींनी वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात काका उठले, आपली खुर्ची उचलली आणि ती खांबाजवळ नेऊन ठेवली.

“लीलाबाई, बसा.”

“नको काका, माजे पाय वल्ले हायेत.”

“खुर्ची प्लास्टिकची आहे.”

“मी उभीच बरी.”

“तुमच्यावर आरोप आहे. आरोप बसून ऐकायचा असतो.”

त्या बसल्या. कडेवर, अर्ध्याच, पदर सावरून. आणि एक गंमत झाली. इतका वेळ ‘ती’, ‘सदर बाई’, ‘गाडीवाली’ असं जोरात चाललेलं बोलणं अडखळायला लागलं. तोंडासमोर बसलेल्या माणसाला ‘सदर बाई’ म्हणणं अवघड जातं. सेक्रेटरी एकदा चुकून “तुम्ही” म्हणाले आणि स्वतःच दचकले.

मी उभी राहिले. “मित्रहो, आज आपल्यासमोर केवळ एका चऱ्याचा प्रश्न नसून...”

“पहिला फवारा हवेत गेला,” मागून काका म्हणाले. “आता पत्र्यावर या.”

दोन-तीन जण हसले. मी कागद खाली केला.

“चरा मी पाडला. माझ्या स्कूटरने. मंगळवारी दुपारी. पुसला आणि वर निघून गेले. लीलाबाईंचा काही संबंध नाही.”

त्यांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा घेतलं.

सगळे एकदम बोलायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी पर्समधून माझं पत्रक काढलं. “मग हे कुणाविरुद्ध होतं गं?”

“म्हणजे आमच्या दाराखालून आम्हालाच भांडवलदार म्हणून गेलीस?” बँकेतले साहेब म्हणाले. “माझी गाडी तर गुंडाळलीपण होती त्यात!”

सेक्रेटरी लाल झाले होते, तो मात्र एकाच थराचा लाल. “चार दिवस मला मूर्ख बनवलंस! बरं, ठीक आहे, नुकसान तुमच्या घरून भरून घेऊ. विषय संपला. सभा बरखास्त.”

“संपला कसा?” लीलाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण त्या खुर्चीत आता पूर्ण बसल्या होत्या, पाठ टेकून.

“चार दीस मना झोप नाय. सून इचारते, काय केलास सांग. बाजूचे सोसायटीवाले वाकून माजा फडका बघतात. आन ही पोरगी,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “रोज मना म्हनते, मावशी मी हाय ना. हायेस तर खरी तू! तूच हायेस!”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ती तुजी तुज्याकडं ठेव. मना बोर्डावर लिवून पायजे. जिथं माजा नाव काला केला, तिथंच. आन साहेबांनी पन लिवायचा, का इचारल्याबिगर लिवला.”

सेक्रेटरींनी घसा खाकरला, चष्मा पुसला, “बघू, कमिटीत घेऊ” म्हणाले. लीलाबाई हलल्या नाहीत. त्या उठेनात म्हणून कुणालाच उठता येईना. दहा-अकरा मेंबर, उन्हाची तिरीप आत आलेली, आणि एक बाई खुर्चीत. शेवटी सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं.

मी माझं पत्रक तिथेच लिहिलं, बोर्डावर, सगळ्यांसमोर. चार ओळी. माझ्या सगळ्या लिखाणात ओघळ न आलेल्या बहुधा त्याच.

*

चरा पुढच्या रविवारी भरला. काकांनी आधी गाडीच्या मालकाला विचारलं, “कसा पडला?” सेक्रेटरी म्हणाले, “अहो, आता सगळ्या जगाला माहीत आहे!” “तरी सांगा.” त्यांना सांगावं लागलं. मग मला विचारलं. मग पॉलिश पेपर आणि पाण्याची वाटी माझ्या हातात दिली. दीड तास मी घासत होते. कपाटाच्या दारावरचा चौथा चौकोन जुळला. लीलाबाई मधून मधून येऊन वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “हितं अजून दिसतंय,” आणि मी पुन्हा घासायचे. मला वाटतं, तिसऱ्यांदा खरोखर काही दिसत नव्हतं. त्यांनी मजा म्हणून घासायला लावलं. त्यांचा तो हक्कच होता.

नंतर त्यांच्याशी माझं बोलणं पूर्वीसारखं व्हायला बरेच महिने गेले, आणि तेही मी ठरवून झालं नाही. त्यांनी ठरवलं तेव्हा झालं.

काका आता उलव्याला मुलाकडे राहतात. तिथल्या टॉवरमध्ये पार्किंगला रंग मारायला बंदी आहे. फोन केला की आधी स्कूटरची चौकशी करतात, मग बाबांची, मग माझी. परवा म्हणाले, “विसाव्या मजल्यावर पापड दहा मिनिटांत वाकतो हो.” मागून काकूंचा आवाज आला, “आणि मलाच खायला लागतो!”

मी अजून पत्रकं काढते आणि अजून चिडते. चिडायला भरपूर आहे. पण हे एक पत्रक तुमच्यासाठी आहे आणि त्यात मागणी एकच आहे. तुमच्या सोसायटीत, कारखान्यात, शाळेत जेव्हा कधी कामाला येणाऱ्या एखाद्या माणसाविषयी सभा भरेल, तेव्हा खाली उतरताना घरातली एक खुर्ची बरोबर न्या. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय, त्याला तिच्यावर बसवा. पाय ओले असले तरी बसवा. आणि त्याचं बोलून होईपर्यंत ठरावासाठी हात वर करू नका.